तेरेजची आई

काळ्या ओढ्याची वस्ती, इंडियाना
१२ जून १८३७

चि. यूनास,
मर्डोदादाचे अ. उ. आ.

वि. वि. तुझं हिवाळ्यात टाकलेलं पत्र परवा हाती आलं. टपाल आमच्या वस्तीवर येत नाही. पिठाच्या गिरणीवाल्याकडे येऊन पडतं आणि त्याला आठवण झाली की मिळतं. पाकिटाला व्हिस्कीचा वास होता, एका कोपऱ्याला उंदरानं दात लावले होते. अक्षरांना मात्र त्यानं तोंड लावलेलं नाही. तुझं अक्षर इतकं काटेरी, की उंदराच्याही घशात अडकलं असतं.

आईला सांग, जमीन मिळाली. कागदावर अजून नाही, पण पायाखाली आहे. माती अशी, की नांगर धरला की आपलं खोरं आठवतं आणि हसू येतं, मग हसू येत नाही. बाबांनी त्या खडकाळ उतारावर समुद्रातलं शेवाळ पाठीवरून आणून घातलं, ओटचं पीक काढलं, आणि पीक यायला लागल्यावर जमीनदाराला सुचलं की इथे माणसांपेक्षा मेंढ्या बऱ्या, आणि आपल्याला उठवलं. इथे कुणी मेंढ्या आणत नाही. अजून तरी नाही.

तुझी वहिनी इशबेल आता हिंडू-फिरू लागली आहे. जहाजावर आमचा लहानगा डोनाल्ड गोवरानं गेला आणि त्याला समुद्रात सोडावं लागलं, हे मागे कळवलंच आहे. तेव्हापासून ती ओढ्यावर पाणी आणायला गेली तरी पाण्याकडे बघत नाही, तोंड फिरवून घागर भरते. पण आता बोलते. त्याचं श्रेय शेजारणीला.

ओढ्यापलीकडे पोटावाटोमी या इथल्या मूळच्या लोकांचं गाव आहे. ओंडक्यांची घरं, मक्याची शेतं, एक छोटं देऊळ. ते पोपला मानणारे लोक आहेत, हे आईला सांगू नकोस. किंवा सांग, पण आधी तिला बसव. तिथली तेरेज नावाची बाई इशबेलची मैत्रीण झाली आहे. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, म्हणून भांडण होत नाही. तिचा नवरा शिकारीसाठी महिनोन्‌महिने बाहेर असतो. घरात ती आणि तिची म्हातारी आई. म्हातारी चिलीम ओढत बसते आणि मी नांगर धरला की मोठ्यानं हसते. आमचं शेत खरं तर त्यांना राखून दिलेल्या जमिनीत येतं म्हणतात. आम्ही आलो तेव्हा या म्हातारीनंच हात करून दाखवलं होतं, की त्या ओकपर्यंत तुमचं, ओकपलीकडे आमचं. एवढ्यात खातेफोड झाली! आपल्याकडे त्यासाठी तीन पिढ्या कारभाऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या.

शेजारचा एनियस जाळी विणता विणता तुझ्या दाराकडे बघतो असं मला इथे समुद्रापार कळलं आहे. त्याला म्हणावं, मासे जाळ्याकडे बघून पकडतात.

आईला शि. सा. नमस्कार. तुम्हा दोघींची सावली माझ्यावर राहो.

तुझा,
मर्डो


पोर्ट फियारा, सदरलंडचा किनारा
४ नोव्हेंबर १८३७

ती. मर्डोदादास,
यूनाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईला आधी बसवलं, मग पोपबद्दल सांगितलं. तिनं विचारलं की त्या बायका भांडी घासतात का. मी म्हटलं, घासत असतील. मग म्हणाली, देवाला काय ते देव बघेल, स्वच्छ आहेत ना, मग झालं. तुझ्या आईनं एवढी सवलत आजवर पाद्रीबुवांनाही दिलेली नाही.

इथलं काय सांगू? बटाटा याही वर्षी जमिनीतच कुजला. हेरिंग मासळी दूर गेली, म्हणून पुरुषमाणसं दूर जातात, आणि सगळी परत येत नाहीत. बाबा बुडाले ते याच महिन्यात. डोंगरातल्या माणसाच्या हाती वल्हं देऊन मासेमारी कर म्हणायचं, तर दुसरं काय होणार? आई या दिवसांत समुद्राकडे पाठ करून सूत कातते. वहिनींना सांग, त्या एकट्या नाहीत.

तुला ह्यू गन आठवतो? आपलं खोरं रिकामं केलं तेव्हा कारभाऱ्याच्या माणसांत जो होता, शेजारच्या खोऱ्यातला, ज्यानं आपल्या छपराच्या तुळयांना आग लावली. पुढच्या वर्षी त्याच्याही खोऱ्यात मेंढ्या आल्या, आणि तोही इथेच किनाऱ्यावर येऊन पडला. आता म्हातारा झाला आहे. अजूनही आठवड्याला एकदा आपल्या उंबऱ्यावर मासा ठेवून जातो. आई तो उचलते आणि मांजराला घालते. गावात आपल्याइतकं लठ्ठ मांजर कुणाचं नाही.

एनियसला तुझा निरोप सांगितला. तो म्हणाला, काही मासे असे असतात की त्यांच्याकडे बघत बसावंच लागतं. मी त्याला माझ्या काटेरी अक्षरांचा कागद फेकून मारला.

आई विचारते, घराचं छप्पर कसलं आहे? गळतं का? तुळया कुणाच्या, तुझ्या स्वतःच्या की मागून आणलेल्या? सविस्तर लिही. वहिनींस नमस्कार.

या पोरकट बहिणीवरचा जीव कमी करू नये.

तुझी,
यूना


काळ्या ओढ्याची वस्ती
१९ मार्च १८३८

चि. यूनास,
अ. उ. आ.

वि. वि. पेढे वाटायची पद्धत असती तर गाडीभर पाठवले असते. जानेवारीत मुलगी झाली. नाव किर्स्टी ठेवलं, आईचं. नाक आईचं, आवाज तुझा. दोन्हींपैकी एकच घेतलं असतं तर चाललं असतं.

पण ते होता होता मी दोघींनाही गमावणार होतो. मी पीठ आणायला गिरणीवर गेलो होतो आणि बर्फानं वाट बंद झाली. मागे इशबेलला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. मूल आडवं. तिनं खिडकीत दिवा ठेवला, तो पलीकडून तेरेजला दिसला. ती आणि तिची आई गोठलेल्या ओढ्यावरून चालत आल्या. म्हातारीला धड चालता येत नाही, लेकीच्या पाठीवर बसून आली. हात ऊन करून चरबी लावली, पोटावरून मूल फिरवलं आणि पहाटे सोडवलं. मी पोचलो तेव्हा म्हातारी चुलीपाशी किर्स्टीला मांडीवर घेऊन चिलीम ओढत बसली होती. माझ्याकडे बघून लेकीला काहीतरी म्हणाली आणि तिघी हसल्या. इशबेलला तेवढं कळलं आणि मला नाही, याचं मला अजून कोडं आहे.

आईला सांग, तुळया माझ्या आहेत. ओकच्या. मी तोडलेल्या, मी तासलेल्या. छप्पर गळत नाही. तिनं आता यावं. तूही ये, आणि एनियसला जाळ्यात घालून आण.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. जमिनीचा कागद होत नाही. सरकारची मोजणी व्हायची आहे, आणि पलीकडचे लोक उठेपर्यंत मोजणीदार येत नाही. ज्याची चूल पेटलेली दिसेल त्याला जमीन आधी, असा कायदा आहे म्हणतात. पण त्यांची चूल माझ्या आधी पेटलेली आहे. जमीन सोडून जाण्याच्या कागदावर त्यांच्या काही सरदारांनी खूण केली, काहींनी नाही. इकडच्या गावाच्या सरदारानं तर केलीच नाही. हायरम टटल म्हणून आमचा एक शेजारी आहे, तो रोज सभा भरवतो. त्याचं म्हणणं, ते राहिले तर आपण सगळे उपरे. मी त्याच्यात नाही. पण घरी परत येताना त्याचं बोलणं डोक्यात फिरतं, हे खरं. एकदा उठवलेला माणूस दुसऱ्यांदा उठायला फार भितो, यूना.

आईस नमस्कार. येण्याचं नक्की कळवा. वाट बघायलाही बळ लागतं, ते तुमच्या पत्रानं येतं.

तुझा,
मर्डो


पोर्ट फियारा
२ जुलै १८३८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई रडली. बाबा गेले तेव्हा रडली नव्हती इतकी रडली, आणि मग उठून सगळ्या किनाऱ्याला सांगत सुटली की अमेरिकेत आपल्या नावाची एक किर्स्टी आहे. ह्यू गनच्या दारावरूनच तेवढी मुकाट गेली.

त्या म्हातारीसाठी तिनं शाल विणली. आपल्या खोऱ्यातल्या शेवटच्या मेंढीची लोकर पेटीच्या तळाशी ठेवलेली होती, तुला आठवत असेल. माझ्या लग्नासाठी म्हणून राखलेली. मला विचारलंसुद्धा नाही. मी कुरकुरले, तर म्हणाली, तुझं लग्न लोकरीवाचून होईल, माझी नात त्या बाईवाचून झाली नसती. शाल या पत्राबरोबर पाठवते. पाद्रीबुवांचा भाचा न्यूयॉर्कला चालला आहे, तो पुढे रवाना करील. निरोप असा, की तू माझी थोरली बहीण आहेस, मी आले की तुझ्याशेजारी बसून चिलीम ओढून बघणार आहे. हे तिनं खरंच सांगितलं. मी लिहायला कचरले, तर माझ्या हातावर चापटी मारली.

येत्या मे महिन्यात निघतो. गाय विकली. एनियस म्हणतो, तोही येणार. कुठल्या नात्यानं ते अजून ठरायचं आहे, पण तू आशीर्वाद तयार ठेव.

किर्स्टीला पोटभर पापे. आमची माया बोटीच्या आधी पोचावी.

तुझी,
यूना


काळ्या ओढ्याची वस्ती
२३ सप्टेंबर १८३८

चि. यूनास,
अ. उ. आ.

वि. वि. तुझं पत्र अजून नाही. आम्ही सगळे खुशाल. किर्स्टी रांगते.

ओढ्यापलीकडे आता कुणी नाही. ऑगस्टच्या अखेरीला सरकारची माणसं आली. बोलणी करायची आहेत म्हणून गावातल्या लोकांना देवळात बोलावलं, आणि ते जमल्यावर बाहेरून बंदूकवाले उभे केले. मग आजूबाजूच्या पाड्यांतूनही लोक गोळा करून आणले. मिसिसिपी नदीच्याही पलीकडे त्यांना नवी जमीन दिली आहे, तिकडे पोचवायचं ठरलं होतं. वस्तीतल्या सगळ्यांना बैल आणि गाड्या घेऊन बोलावलं. टटल म्हणाला, जो येणार नाही त्याची चूल मोजणीदाराला कुणी दाखवायची ते आपण बघू. मी गेलो. मी गेलो नसतो तर दुसरा गेला असता, आणि त्याची गाडी माझ्याइतकी चांगली नव्हती.

घरं पाडून जाळायला सांगितलं, म्हणजे लोक वाटेतून परत फिरणार नाहीत. घरं रिकामीच होती.

तेरेजच्या म्हातारीला चालवत नव्हतं. इशबेलनं मला न विचारता तिला आपल्या मक्याच्या कणगीत लपवलं होतं. हा शुद्ध वेडेपणा. सैनिक घरोघर फिरत होते. सापडली असती तर आपलंही छप्पर गेलं असतं, आणि या वेळी कुणाच्या नावानं बोटं मोडणार होतो? मी स्वतः तिला उचलून बाहेर आणलं. दुसऱ्या कुणी फरफटत नेलं असतं. तिच्या लेकीच्या गाडीत मऊ पेंढा घालून बसवलं, वर माझं घोंगडं दिलं. जितकं जपून करता येतं तितकं केलं. इशबेल तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. बायकांना वाटतं, जग चुलीएवढंच आहे.

त्यांचा मका उभा होता. कावळ्यांनी खाण्यापेक्षा आम्ही वाटून घेतला. मोजणीदार वसंतात येईल, जमीन आता पक्की झाल्यासारखीच.

आईला वाचून दाखवताना जरा जपून वाच. एवढंच सांगितलंस तरी चालेल, की कागद होतो आहे आणि तिची खोली बांधायला घेतली आहे. खिडकी पूर्वेला काढतोय.

आपलं माणूस म्हणून मला समजून घ्यावं, ही विनंती.

तुझा,
मर्डो


काळ्या ओढ्याची वस्ती
१८ नोव्हेंबर १८३८

प्रिय यूनावन्सं यांस,
इशबेलचा स. न. वि. वि.

मला लिहायची सवय नाही. लग्नाआधी धर्मादाय शाळेत शिकले तेवढंच. चुका पदरात घ्याव्या.

शाल पोचली. फार सुंदर आहे. सासूबाईंचा निरोप यांनीच वाचून दाखवला. वाचता वाचता थांबले, आणि बाहेर लाकडं फोडायला गेले. ज्यांच्यासाठी शाल आली त्या इथे नाहीत.

यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत आहे. मला वाचून दाखवलं होतं, म्हणाले, यात एक अक्षर खोटं नाही. नाही खरंच. पण सैनिक आमच्या घरी येऊन गेले होते, वन्सं. मला विचारलं, मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी बिछान्याखाली बघितलं, माझ्या कडेवरच्या किर्स्टीचा गाल ओढला आणि गेले. कणगीकडे कुणी बघितलं नाही. आजी आत बसून कच्चा मका चावत होत्या. दात नाहीत, तरी. मी पाणी दिलं तर हसल्या. मला वाटलं, गाड्या जाऊ देत, मग यांना सांगू. हे गाड्या तळावर पोचवायला गेलेत, थकून येतील, जेवतील, मग सांगू.

हे आले, जेवले. आजींना खोकला आला. यांनी चमचा खाली ठेवला. मी सगळं बोलून पाहिलं. डोनाल्डचं नाव घेतलं, किर्स्टीला त्यांच्या पायावर ठेवलं. तुमच्या आजींना खोऱ्यातून घोंगडीत घालून बाहेर काढलं होतं, आणि त्या आठवडाभरात उघड्यावर गेल्या, हे मी लग्न झाल्यापासून यांच्याच तोंडून ऐकत आले होते, तेही बोलले. तेव्हा हे म्हणाले, म्हणूनच, म्हणूनच. आणि उठून ओढ्याच्या उताराशी गेले, आणि पुढे गेलेल्या सैनिकाला हाक मारून परत बोलावलं.

यांनी उचललं तेव्हा आजींनी यांच्या गळ्यात हात टाकले. त्यांना वाटलं, घरात चुलीपाशी नेताहेत. रात्री कणगीत गारठा असतो ना.

मी मागोमाग तळावर गेले, तेरेज गाडीत होती. तिनं आईला मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघितलं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही हे तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

परत आलेल्या एका गाडीवाल्यानं सांगितलं, की इलिनॉयच्या माळावर फार लोक तापानं गेले, मुलंच जास्त. आजीही गेल्या. सडकेच्या कडेला एका मोठ्या एल्मच्या झाडाजवळ पुरलं.

हे दारू पीत नाहीत, हात उगारत नाहीत, पोरीला खांद्यावर घेऊन हिंडतात. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. मी कुठे जाऊ?

शाल पेटीत ठेवली आहे. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझ्यावर राग असेल तर तोही लिहून कळवावा, मौन नको.

तुमची,
इशबेल


पोर्ट फियारा
१४ एप्रिल १८३९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जपून वाच म्हणालास. मी सगळं वाचलं. आधी तुझं, मग वहिनींचं आलं तेव्हा तेही.

तुझं वाचलं तेव्हा आई लोकर पिंजत होती. तू म्हातारीला उचलून बाहेर आणलंस ते वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, मर्डो लहानपणी पाखराचं पिल्लूसुद्धा दोन हातांनी उचलायचा. बाकी काही नाही. मला वाटलं, तिला पुरतं समजलं नाही. समजलं होतं. ती फक्त वाट बघत होती, की अजून काहीतरी येईल आणि ते बरं असेल. आलं ते वहिनींचं.

ते ऐकून ती उठली, डोक्याला रुमाल बांधला आणि थेट ह्यू गनच्या दारात गेली. मी मागे धावले. वीस वर्षांत त्यांच्यात शब्द नाही. म्हातारा जाळं टाकून उभा राहिला. आईनं विचारलं, ह्यू, त्या रात्री तुला झोप लागली होती का? त्याला कोणती रात्र ते विचारावं लागलं नाही. म्हणाला, त्या रात्री गाढ लागली, किर्स्टी, अंग आंबून गेलं होतं. पुढच्या रात्रींचं विचारू नकोस. मग आई तिथेच त्याच्या बाकावर बसली. त्यानं मासा भाजला आणि तिनं तो खाल्ला. मी दारात उभी राहून रडले, त्यांच्यापैकी कुणी नाही.

घरी येऊन तिनं बांधलेली पेटी सोडली. मी म्हटलं, आई, तो तुझा मुलगा आहे. तर म्हणाली, मुलगा आहे म्हणून तर. परका असता तर त्याच्या छपराखाली पडून राहिले असते. तिनं तुला शिव्या दिल्या नाहीत, दादा. मी दिल्या, तोंडभरून. आणि मग तू जहाज सुटायच्या आधी मला खांद्यावर घेऊन धक्क्याच्या टोकापर्यंत नाचला होतास ते आठवून गप्प बसले. तुझ्यावर धड रागही करता येत नाही, हा मला तुझा सर्वांत मोठा राग आहे.

आता ऐक. किनाराही रिकामा करायचं ठरलं. जमीनदारानं जहाज ठरवलं आहे, तुझ्यापासून दूर उत्तरेला, केप ब्रेटन बेटावर जायला. जो चढणार नाही त्याच्या झोपडीचं छप्पर काढणार. कारभाऱ्याचा माणूस आपल्या दारी आला, तेव्हा तुझ्याकडे यायचं की सगळ्यांबरोबर जायचं हे आईला विचारलं मी. तिनं सगळ्यांबरोबर म्हटलं. एनियस आणि मी मागच्या रविवारी लग्न केलं, म्हणजे तीन जागा एकत्र मिळतील. लोकरीवाचूनच झालं.

आईचा निरोप तिच्या शब्दांत लिहिते. मर्डोला म्हणावं, पीक निघालं की गाडी जोड. त्या सडकेनं जा. ती बाई सापडेपर्यंत जा. तिच्या माणसांत जशी खूण ठेवतात तशी तिच्या डोक्याशी ठेव, पोपची असली तर पोपची. आणि तिचं नाव मला लिहून पाठव, म्हणजे रोज देवापुढे मी माझ्या आईच्या नावाच्या पाठोपाठ ते घेईन. नाव येईपर्यंत मला पत्र नको.

केप ब्रेटनला पाद्रीबुवांच्या पत्त्यावर लिही. वहिनींना सांग, त्यांच्यावर कुणाचाही राग नाही.

थोडं प्रेम आहे, ते पाठवते. जास्त मागू नकोस.

यूना


काळ्या ओढ्याची वस्ती
२७ ऑक्टोबर १८३९

ती. आईस,
मर्डोचा शि. सा. न. वि. वि.

नाव आल्याशिवाय पत्र नको म्हणालीस. तरी लिहितो आहे. यूना वाचून दाखवील की नाही, ठाऊक नाही.

मका घरात आला आणि मी निघालो. ओकचा क्रूस केला होता. आपल्या धर्मात बसत नाही, पण तू म्हणालीस म्हणून केला. टटल वाटेत भेटला, गाडीत क्रूस बघून म्हणाला, कुणी गेलं का? मी म्हटलं, हो. कोण, म्हणाला. मी बैल हाकले.

वाबाश नदी उतरून माळ लागला. आई, एवढा मोठा माळ, आणि सगळीकडे एल्मची झाडं. दर गावात विचारत गेलो. कुणी म्हणे, असे लोक इथून गेले खरे, धूळ फार उडाली होती. एका बाईनं सांगितलं, की तिनं एका मुलाला दूध दिलं होतं, त्याला ते पोटात ठरलं नाही. शेवटी इलिनॉयमध्ये एक शेतकरी भेटला, केंटकीकडून नुकताच आलेला. म्हणाला, माझ्या बांधावर मोठं एल्म आहे, त्याच्या अलीकडे चार-पाच जण पुरले होते असं आधीच्या गाडीवाल्यांकडून कळलं. त्यानं हात करून दाखवलं. तिथे गहू पेरला होता. उगवून वीतभर आला होता, हिरवागार, सगळीकडे सारखा.

मी विचारलं, यात म्हातारी बाई कुठली? तो म्हणाला, भल्या माणसा, मला कसं ठाऊक असणार? पण माणूस चांगला निघाला. मला पेरणीत पाय टाकू दिला नाही, तरी बांधाच्या कोपऱ्यावर जागा दिली, खड्डा खणायला हात लावला. क्रूस उभा केल्यावर घरातून छिन्नी घेऊन आला. त्याला अक्षरं कोरायला येतात, बापाचा दगडकामाचा धंदा होता. गुडघ्यावर बसला आणि विचारलं, काय नाव घालू?

निघायच्या आधी मी इशबेलला विचारलं होतं. ती म्हणाली, मी आजी म्हणायची. मी काय म्हणायचो, ते तुला ठाऊकच आहे. माझ्या सगळ्या पत्रांत तेच आहे, तेरेजची आई, म्हातारी. दोन वर्षं तिच्या शेजारी राहिलो. तिनं दाखवलेल्या जमिनीत पेरलं, तिनं सोडवलेलं लेकरू खांद्यावर घेतलं. परत येताना ज्या ज्या वस्तीतल्या लोकांनी गाड्या हाकल्या होत्या त्या सगळ्यांना विचारलं. त्यांचा पाद्री त्यांच्याबरोबर गेला होता. तोही वाटेत आजारी पडून गेला, असं कळलं. तेरेज कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. नाव माहीत असलेलं माणूस इकडे एकही उरलेलं नाही.

तो शेतकरी छिन्नी धरून थांबला होता. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, मग हे कुणासाठी? मी बैल जोडले. लाकूड तसंच कोरं उभं आहे.

जमिनीचा कागद ऑगस्टमध्ये झाला. तुझी खोली झाली आहे, तिच्यात मका ठेवतो. किर्स्टी चालते.

थोरांस नमस्कार, यूनास आणि तिच्या घरधन्यास आशीर्वाद. नाव कळवता येत नाही. तरी तुझं उत्तर यावं.

तुझा,
मर्डो